मामेसासऱ्यांचा हाका

बास्केटबॉल हा खेळ मुळात शिकाऱ्यांनी काढला आणि पुढं मास्तर लोकांच्या हाती सापडून तो नेभळट झाला, असं ठामपणे मानणारा पृथ्वीच्या पाठीवरचा एकमेव माणूस माझ्या बायकोचा मामा लागतो. लग्न ठरताना ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मुलगी किती शिकली, भाजी कशी करते, स्वभावाला कशी आहे, हे सगळं सांगून झालं. मामांबद्दल विचारायचं मला सुचलं नाही, आणि सासरच्या मंडळींनीही शहाणपणानं अक्षता पडेपर्यंत मामांना बोलूच दिलं नाही. अक्षता पडल्यावर त्यांनी मला मांडवातच एकदा समोरून, एकदा बाजूनं आणि एकदा मागून पाहिलं, खांद्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि वऱ्हाडातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "जवाईबापू, वाईट नोका मानू, पन तुम्ही सालई होय. उभी दिसते झकास. जाळाले गेलं तं नुसता धूर."

मामांचा चंद्रपुरात लाकडाचा टाल, म्हणजे वखार, होता, म्हणून माणसांची वर्गवारी ते लाकडात करत. आमच्या कॉलेजचे प्राचार्य त्यांच्या मते शिसम, म्हणजे चकाकी पुष्कळ आणि उचलायला जड. माझी बायको धावडा, कुऱ्हाडीची धार गेली तरी तुटायची नाही. हे निदान मात्र मला पुढं तंतोतंत पटलं. बाकीची निदानं बहुधा चुकत. ज्याला त्यांनी बिजा, म्हणजे कधी कीड न लागणारं लाकूड, म्हणून छाती ठोकून नोकरीला ठेवलं तो मजूर पहिल्याच आठवड्यात टालावरची करवत घेऊन नाहीसा झाला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "लाकूड बिजाच होतं गा. आतून घुन लागला होता, ते मले दिसलं नाई."

टालाच्या आधीचं त्यांचं आयुष्य मात्र जंगलात गेलं होतं. शिकारीला परवानगी होती त्या काळात मूल आणि सिंदेवाही या गावांच्या मधल्या रानात हाका लावावा तो मामांनीच, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते तसं सांगत. हाका म्हणजे जंगलाच्या एका अंगानं गावचे पन्नासेक लोक डबे, डफडी बडवत, बोंबलत पुढं सरकतात आणि जनावराला मचाणाकडे रेटतात. काही माणसं बाजूच्या झाडांवर बसवलेली असतात. जनावर आडवं निसटू लागलं की त्यांनी ओरडायचं नाही, नुसती खोडावर काठी टकटकायची. आणि हाका लावणाऱ्यानं एक लांब शिट्टी मारली की सगळ्यांनी जागच्या जागी मुकं व्हायचं, कारण आता मचाणावरून गोळी सुटणार असते. पुढं शिकारीवर बंदी आली. बंदी चांगली झाली, असं मामाही म्हणत. "जनावर राह्यलं पाहिजे. पन हाका काऊन बंद केला? हाक्यानं कोनतं जनावर मरते?" असा त्यांचा सरकारला प्रश्न होता. सरकारनं उत्तर दिलं नाही, आणि मामांच्या गळ्यात तो हाका तसाच अडकून राहिला.

तो मोकळा झाला आमच्या कॉलेजच्या मैदानावर. मी तिथं वाणिज्य शिकवत असे. मैदान टालाच्या अगदी समोर, मध्ये फक्त रस्ता. एके दिवशी आमचे खेळाचे सर टालावर दोन खांब घ्यायला गेले.

"काय टांगाचं हाय?" मामांनी विचारलं.

"टोपली."

"आंबे ठेवाले?"

"नाही हो, तिच्यात चेंडू टाकायचा."

"मंग काढाचा कसा?"

"काढायला लागत नाही. खालून पडतो. त्या टोपलीला बूडच नसतं."

मामांनी बराच वेळ विचार केला आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे फासा होय! पन सर, जनावर वरून टाकाचं आन् खालून सोडून द्याचं, असा फासा कोन येडा लावते?" तरी त्यांनी सागाचे दोन सरळसोट खांब निवडून दिले, आणि आपलं लाकूड नीट उभं आहे की नाही हे पाहायला रोज संध्याकाळी मैदानात जाऊ लागले. खांब पाहता पाहता खेळ दिसला. पाच जण एकाला कोंडीत धरतात, तो निसटतो, पुन्हा घेरतात. मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली आणि मला म्हणाले, "जवाईबापू, हे तं सांबराची शिकार होये! आन् तुम्ही लोकं टाळ्या वाजवून राह्यले?"

त्या दिवसापासून आमच्या कॉलेजला प्रेक्षक राहिले नाहीत, हाकेकरी झाले. करवत बंद झाली की टालावर तालीम सुरू होई. विद्यार्थी, रिक्षावाले, टालावरचे मजूर, सगळ्यांना मामा हाक्याचे नियम शिकवत. चेंडू समोरच्यांकडे गेला की डबे. आपल्याकडे आला की डफडी, पण दमानं. आणि मामांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याच्या पितळी शिट्टीचा लांब आवाज आला की खोकला आला तरी गिळायचा. हा शेवटचा नियम त्यांनी इतका घोटून घेतला होता की एकदा शिट्टी झाली तेव्हा एका रिक्षावाल्याच्या तोंडात चहा होता. पुन्हा खूण होईपर्यंत त्यानं तो गिळला नाही. सामन्यात मात्र ही शिट्टी वाजवायची वेळ अजून आली नव्हती.

मला त्यांनी मैदानाकडेच्या कडूनिंबावर चढवलं. जावई म्हणून मान दिला आहे असं मला वाटलं. वर गेल्यावर कळलं की खाली माझा आवाज कुणाच्या कामाचा नव्हता. समोरचा खेळाडू कोपऱ्यातून निसटू लागला की मी खोडावर काठी टकटकायची. मी इमानानं टकटकलो. तिसऱ्या टकटकीला फांदी वाकली, टेरिलीनच्या पँटनं वाकायचं नाकारलं, आणि माझ्याच वर्गातल्या दोन मुलांनी मला खाली उतरवून घेतलं. त्यानंतर माझी बदली गुणफलकावर झाली. वाणिज्यवाल्याला आकडे कळतात, असा सरांचा समज होता. पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवायचे, एवढंच काम. पहिल्याच सामन्यात मी सहाचा आकडा उलटा टांगला, नऊ झाले, आणि आपण पुढं गेलो असं समजून हाकेकऱ्यांनी सरांना खांद्यावर घेऊन निम्मं मैदान फिरवलं. मामा म्हणाले, "सालई!"

आमच्या टीममध्ये सुखदेव नावाचा कुरखेड्याकडचा मुलगा होता. घरी धानाची शेती, अंगानं सडपातळ, उंचीला इतका की वर्गाच्या दारातून वाकून यायचा आणि बाकावर बसला तरी मागच्याला फळा दिसायचा नाही. बोलणं अगदी कमी. मामांनी त्याला पाहिलं त्या दिवशी टकटक केली नाही, नुसता हात लावला. म्हणाले, "साग." मग जरा थांबून, "कच्चा हाय. पन साग." सुखदेव बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा झाली की कॉलेज सुटणार, कॉलेज सुटलं की चेंडू सुटणार. कुरखेड्याच्या धानाच्या बांधीत कोण टोपली टांगणार? आणि नेमकी त्या वर्षी आमची टीम विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचली, समोर नागपूरचं कॉलेज, सामना आमच्याच मैदानावर ठरला, आणि नागपूरच्या एका मोठ्या कारखान्याचे साहेब तो पाहायला येणार अशी बातमी आली. कारखान्याच्या टीमला एक उंच मुलगा हवा होता. ज्याला घेतील त्याला पक्की नोकरी आणि वर्षभर खेळ. ही बातमी सुखदेवला कळली त्या दिवसापासून तो आणखीनच कमी बोलू लागला. मामा मात्र त्याच्या वाटचं बोलून घेत. "पोट्ट्याची जिंदगी बनून राह्यली, जवाईबापू. त्या दिवशी हाका असा लावतो का नागपूरवाल्याइले आपलं नाव याद राह्यलं नाई पाहिजे."

सामन्याच्या दिवशी दुपारी ऊन कलल्यावर मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब पुढच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि आम्ही सगळे खेळ कमी आणि तो चेहरा जास्त पाहत होतो. नागपूरची मुलं खरोखर चांगली होती. त्यांनी पुढं जायचं, आम्ही गाठायचं, पुन्हा त्यांनी पुढं जायचं, असं शेवटपर्यंत चाललं. माझ्या हाताला घाम सुटून पत्र्याचे आकडे निसटत होते. एक आकडा माझ्याच पायावर पडला, पण कळवळायलाही सवड नव्हती. डबे आणि डफडी यांचा असा गदारोळ की टेबलावर वेळ पाहणारा मास्तर हातवारे करूनच बोलत होता. आमच्याकडे घंटा नव्हती. वेळ संपली की त्यानं शिट्टी वाजवायची, असं ठरलं होतं.

आणि मग, अगदी शेवटी, सुखदेवनं उडी मारून चेंडू टाकला आणि आम्ही एका गुणानं पुढं गेलो. लगेच समोरच्यांचा चेंडू हुकला, तोही सुखदेवच्याच हाती आला. आता काहीच करायचं नव्हतं. नुसता धरून ठेवायचा. सर रेषेवर उभे राहून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "धरून ठेव! टाकू नको! धरून ठेव!" पण हाका टिपेला पोचलेला. सुखदेवला सरांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. तो गोंधळून सरांकडे पाहत होता, नागपूरचे दोघे त्याच्याकडे सरकत होते. हे मामांनी पाहिलं. आपल्याच हाक्यानं आपला मुलगा बहिरा झाला आहे, हे त्या सबंध मैदानात त्या एका माणसाला उमगलं. सरांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला हवा, म्हणजे हाका थांबायला हवा. आणि हाका थांबवायची रीत मामांना एकच ठाऊक होती.

त्यांनी लांब शिट्टी मारली.

सगळं मैदान मुकं झालं. डबा नाही, डफडं नाही, खोकला नाही; सरांचाही शब्द दचकून तोंडातच राहिला. अशी शांतता मी चंद्रपुरात त्याआधी कधी ऐकली नव्हती. सुखदेवनं ती शिट्टी ऐकली, ती शांतता ऐकली, आणि त्याला वाटलं, संपलं. त्यानं दोन्ही हात आभाळाकडे केले. चेंडू त्याच्या पायाशी पडला आणि हळूहळू घरंगळू लागला. मलाही संपलंच वाटलं. मी टाळ्या वाजवायला लागलो. त्या शांततेत टाळ्या वाजवणारा मी एकटा. नागपूरच्या एका बुटक्या मुलानं तेवढ्यात चेंडू उचलला, आमच्या टोपलीपर्यंत पळत नेला आणि आत टाकला. त्याच्या बुटांचे आवाज सुद्धा ऐकू येत होते. आमचे हाकेकरी शिस्तीत मुके उभे होते. मग खरी शिट्टी झाली. माझ्या टाळ्या तेव्हाही चालूच होत्या, त्यामुळे मी नागपूरवाल्यांसाठी त्या वाजवल्या असा गावाचा समज झाला, आणि कॉलेजसमोरच्या टपरीवर मला कितीतरी दिवस चहा मिळाला नाही. मागितला तर टपरीवाला म्हणे, "नागपूरले जाऊन प्या ना, सर."

मामांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि ते मैदानाच्या मधोमध गेले. "शिट्टी माही होय," ते पंचांना म्हणाले. "त्या पोट्ट्याची चूक नाई. तेवढं पुन्हा खेळवा."

"बाहेरच्या शिट्टीवर खेळ थांबत नसतो, काका."

"पन तो थांबला ना!"

"तेच तर म्हणतो. त्यानं थांबायला नको होतं."

मामा वळले. सुखदेव खाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. मामांनी त्याच्या खांद्याकडे हात नेला; त्यानं खांदा काढून घेतला.

त्या संध्याकाळी टपरीवर जी चर्चा सुरू झाली ती पुढं वर्षभर पुरली. हाका लावायलाच नको होता, असं काही जण म्हणत. काही म्हणत, सुखदेवनं चेंडू सोडायला नको होता. माझ्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. पण त्या दिवशी कुणाला सामन्याचं तितकं पडलं नव्हतं. साहेब सरांना जाता जाता सांगून गेले होते, "उंची आहे, हात चांगला आहे. पण ऐन वेळी गाफील राहिला. असा मुलगा नको." सकाळच्या गाडीनं ते नागपूरला निघणार होते.

सकाळी मामा माझ्या दारात. "चाला. तुम्हाले इंग्रजी येते." मी म्हणालो, साहेब मराठीच बोलतात. "तरी चाला. इंग्रजी आली तं कोन ऐकीन?" त्यांना सायकलवर डबल सीट बसवून मी विश्रामगृहावर नेलं. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. मामा गप्प बसल्याची मला सवय नसल्यानं मी दोनदा मागे वळून पाहिलं आणि दुसऱ्यांदा आम्ही जवळजवळ नालीत गेलो.

साहेब व्हरांड्यात पोहे खात होते. बॅग भरून तयार होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मामा पुढं झाले.

"साहेब, तुम्ही पोट्ट्याले गाफील म्हटलं. म्या आयुष्यभर हाके लावले. हाक्यात शिट्टी झाली का जो जागीच थांबते, तो गाफील नसते. जो थांबत नाई, त्याच्या अंगात गोळी जाते. सुखदेव थांबला. दोन हजार लोकं बोंबलून राह्यले होते, त्यातून त्यानं शिट्टी ऐकली आन् थांबला. येवढे कान तुमच्या कोन्त्या पोट्ट्याले हायेत?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "पण शिट्टी कुणाची, ते कळायला नको?"

"नाई कळलं. तेवढं तुम्ही शिकवा. थांबाचं कसं, ते त्याले येते. आन् शिट्टी चुकीची वाजवली ती म्या. सजा द्याची तं मले द्या, साहेब. मी कुठीबी नोकरी मागून नाई राह्यलो."

मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. कालपासून पाहत होतो, अजूनही काही वाचता येत नव्हतं. बाहेर जीपवाला भोंगा वाजवत होता. साहेब उठले, हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "सोमवारी पाठवा त्याला. पाहतो. घेतोच असं नाही."

घेतलं त्यांनी. सुखदेवला नोकरी लागली.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी तो टालावर आला. मामांनी पेढे आणून ठेवले होते. त्यानं पेढा घेतला नाही. मान खाली घालून म्हणाला, "मामा, माहं भागलं. तुमच्यामुळंच भागलं. पन बाकीच्या चौघाइचं काय? त्याइच्यासाठी कोन्ता साहेब आला होता?" आणि वाकून नमस्कार करून निघून गेला. रागावला होता असं म्हणता येणार नाही. खरंच विचारत होता.

ज्या माणसाकडे सरकारपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांसाठी उत्तरं तयार असत, तो त्या दिवशी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन कापलेल्या लाकडांकडे पाहत बसला. हाका तिथंच संपला. त्या चौघांपैकी एक राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत लागला, एक मूलच्या कापडदुकानात बापाच्या शेजारी बसला, एक कुठंतरी मास्तर झाला, आणि चौथा काय करतो हे बहुधा त्यालाही माहीत नव्हतं. मामा दर वर्षी एकेकाकडे जाऊन येत. काय बोलायचं ते कळत नसे, म्हणून चहा पिऊन परत. राजुऱ्याचा मुलगा एकदा म्हणाला, "मामा, तुम्ही काऊन येता? आम्ही इसरलो ते." घरी आल्यावर मामांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "खोटं बोलून राह्यला, जवाईबापू. पन प्रेमानं."

पुढं मैदानावर नवी मुलं आली. मामा टालाच्या दारात खुर्ची टाकून बसत, मैदानाकडे पाठ करून. खेळ पाहत नसत. मी कॉलेज सुटल्यावर शेजारी स्टूल घेऊन बसायचो, तोंड मैदानाकडे. मामांच्या पाठीमागं चेंडू आपटल्याचा आवाज यायचा, धावणाऱ्या पायांचा यायचा, मग क्षणभर काहीच नाही. तेव्हा मामा मान न वळवता हळूच विचारायचे, "कोनाचा पोट्टा होय? पुढं काय कराचं म्हनते?" मला ठाऊक असेल तेवढं मी सांगायचो, नसेल तिथं बरंसं काही जुळवायचो. मग ते विचारायचे, "गेला का टोपलीत?"

"गेला, मामा," मी म्हणायचो. कधी गेलेला असे, कधी नसे. कड्याला लागून बाहेर उडालेल्या चेंडूचा आवाज वेगळा येतो, आणि हाक्यात पान हललेलं ओळखणाऱ्या त्या कानांना तो कळत नव्हता, असं मला कधीच वाटलं नाही. तरी ते दर वेळी मान हलवत आणि म्हणत, "बरं झालं बाप्पा. जाऊ द्या पोराइचे टोपलीत."